आटवलेली लोकर

सांतान रॉड्रिग्ज कायमचा घरी परतला, तेव्हा घरात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. त्याची बायको सिसिलिया ऑगस्टमध्ये गेली, आणि तेव्हा त्याचं जहाज नॉर्वेच्या किनाऱ्यानं चाललं होतं. कंपनी विमानाचं तिकीट काढून द्यायला तयार होती, पण तो मालवणला पोचेपर्यंत दफन उरकलं असतं. मुलगी ट्रिशानं फोनवरून चर्चमधला विधी दाखवला. जहाजाच्या पोटात, जिथं सांतानचं काम चाले त्या लाँड्रीत, नेटवर्क धड येत नसे, म्हणून तो वर डेकवर जाऊन उभा राहिला. वाऱ्यात फादरांचे शब्द ऐकू येईनात. शेवटी चित्र कुणाच्या तरी काळ्या छत्रीवर थांबलं आणि फोन तुटला. खाली येऊन त्यानं टॉवेलांची पुढची खेप मशीनमध्ये भरली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

नोव्हेंबरमध्ये करार संपला आणि तो निवृत्त होऊन खाडीकाठच्या आपल्या वाडीत आला.

मिसरूड फुटल्याफुटल्या तो बोटीवर गेला होता. प्रवासी जहाजांवर हजारो माणसांच्या चादरी, टॉवेल, गणवेश, जेवणाच्या टेबलांवरची कापडं धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची. खिडकी नसलेल्या त्या खोलीत दिवस की रात्र ते घड्याळावरूनच कळे. वर्षाला दोन महिने सुट्टी मिळायची. त्या दोन महिन्यांत घरात सणासारखं वातावरण असे. सिसिलिया रोज वेगळं मासळीचं कालवण करायची, पाहुणे यायचे, ट्रिशाला नवे कपडे मिळायचे. मग तो बॅग भरून निघून जायचा आणि त्या दोघींचं रोजचं आयुष्य पुन्हा सुरू व्हायचं. ते रोजचं आयुष्य कसं होतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

आता ते घर त्याला एकट्याला मिळालं होतं आणि त्यातलं काहीच त्याला सापडत नव्हतं. मीठ कुठल्या बरणीत, पंपाचं बटण कुठं, गॅसची टाकी लावायची तर कुणाला फोन करायचा. सिसिलियानं पाळलेला कुत्रा त्याच्या हातचं खायचा, पण संध्याकाळी फाटकाकडं तोंड करून बसायचा. स्कूटरवरून मासे विकायला येणारी बाई पहिल्या दिवशी त्याला म्हणाली, "सिसिलियाबायचो घोव ना तुमी?" आणि मग बराच वेळ सिसिलियाबद्दल बोलत राहिली. सिसिलियाला कुठला मासा आवडायचा, ती भाव कसा करायची, पावसात चहा कसा द्यायची. सांतान हातात थाळी धरून ऐकत होता. आपल्या बायकोची ओळख कुणी परकं आपल्याला करून देतंय, असं त्याला वाटलं.

ट्रिशा पुण्याला एका कंपनीत नोकरीला होती. आईच्या आजारपणात सगळं तिनंच केलं होतं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो घरी आला की तिचा फोन यायचा.

"पप्पा, जेवलंस?"

"जेवलंय."

"गोळी घेतलंस?"

"घेतलंय. तू बरी आसस?"

"बरी आसय."

एवढं झालं की दोघांनाही पुढं काय बोलावं ते कळायचं नाही. मग ती म्हणायची, "चल तर, ठेवतंय."

मे महिन्यात, आता पाऊस लागायच्या आत माळ्यावरचं सामान खाली काढून ऊन दाखवावं म्हणून, त्यानं सिसिलियाची मोठी पत्र्याची ट्रंक उघडली. आत कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याखाली लोकर होती. राखाडी, गर्द निळी, मेंढीच्या मूळच्या रंगाची. लडीच्या लडी, दुकानाच्या कागदी पट्ट्याही न काढलेल्या. ही सगळी त्यानंच आणलेली होती. लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सिसिलियाला खिडकीशी बसून विणताना पाहिलं होतं. तेव्हापासून थंड मुलखातल्या कुठल्याही बंदरात उतरला की तो लोकरीचं दुकान शोधायचा. दर सुट्टीला चार लडी तरी बॅगेत असायच्याच. सिसिलिया त्या हातात घ्यायची, "किती बरी आसा गो बाय ही," असं लोकरीलाच म्हणायची, आणि "मगे विणतंय" म्हणून आत घेऊन जायची. 

शेजारची यशोदा त्या दिवशी घावणे घेऊन आली होती. सिसिलियाची ती जवळची मैत्रीण. अंगणात चटईवर पसरलेली लोकर पाहून ती दारातच थांबली.

"यशोदा, ही तिणा विणूक कशी नाय?" सांताननं विचारलं.

यशोदानं घावण्यांचं ताट पायरीवर ठेवलं. "तिका लोकर सोसायची नाय, सांतानदा. हातार पुरळ यायचा. रातभर खाजवीत बसायची."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. ती सुती दोऱ्याचा विणी. चर्चमधल्या अल्तारावरची सगळी कापडा तिचीच आसत. पण लोकर कधी नाय."

"माका कधी बोलली नाय."

"तुमी एवढ्या लांबसून तिच्यासाठी हाडीत होतात," यशोदा म्हणाली, आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून घरी गेली.

सांतान लोकरीजवळ बसून राहिला. त्याला राग आला, पण तो कुणावर धरायचा ते कळेना. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांत बायकोनं एकदाही सांगितलं नव्हतं की मला हे नको. आणखी काय काय तिनं असंच हसून आत नेऊन ठेवलं असेल, याचा विचार तो पुढं कित्येक दिवस करत होता. यशोदाला त्यानं लोकर देऊ केली, तर ती म्हणाली, "आमका कित्या? हंय थंडी खंय आसा?" चर्चमधल्या बायकाही तेच म्हणाल्या. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली.

ऑगस्टमध्ये सिसिलियाच्या वर्षाच्या मिस्सेसाठी ट्रिशा आली. पुण्याहून बसनं येताना फोंडाघाटला चहासाठी उतरली, तेव्हा तिच्या लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा तुटला आणि बॅग रस्त्यावर आपटली. लॅपटॉप चालत होता, पण त्याचा एक कोपरा चेपला. घरी आल्यावर ती तो आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवू लागली. सुट्टी पुरेशी नव्हती, म्हणून ती जेवणाच्या टेबलावर बसून काम करायची. कानात यंत्र, समोर पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं. सांतान तिच्यासाठी चहा आणून ठेवायचा. मिक्सर लावला तर ती न बघता हात वर करायची, की तो बंद करायचा. आपल्या लेकीला हसताना त्यानं त्या दिवसांत ऐकलं ते त्या चौकोनांतल्या माणसांबरोबरच.

जाताना तिनं टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप कपड्यांच्या पिशवीत मधोमध घातला.

"नवी पिशवी घे गो," तो म्हणाला.

"घेतंय रे, बघूया," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

त्या संध्याकाळी घरी एकटाच बसला असताना त्याला जहाजावरचा एक तरुण इंजिनियर आठवला. त्या पोरानं आपला लोकरी स्वेटर न सांगता गरम धुण्याच्या खेपेत टाकला होता. बाहेर आला तो लहान मुलाच्या मापाचा होऊन, पुठ्ठ्यासारखा जाड. लाँड्रीत कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात, की लोकरीला गरम पाणी, साबण आणि घुसळण ही तिन्ही एकत्र द्यायची नाहीत. दिली तर तिचे धागे एकमेकांत गुंततात, टाके दिसेनासे होतात आणि कापड आटून घट्ट बसतं. मग ते कधी सुटत नाही. त्या पोरानं मात्र स्वेटर फेकला नाही. बाह्या कापल्या, खालची बाजू शिवली आणि आपला लॅपटॉप त्यात ठेवायला लागला. एकदा जिन्यावरून ती स्वेटरची पिशवी पडली, तरी आतल्या लॅपटॉपला काही झालं नाही. हे सांताननं स्वतः पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो यशोदाच्या दारात गेला. "माका विणूक शिकव," म्हणाला.

यशोदाला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं पदर खोचला. तिला सिसिलियानंच शिकवलं होतं. सिसिलियाच्या सुया बारीक दोऱ्याच्या, त्या या कामाला चालेनात. आटवायची लोकर सैल विणावी लागते, म्हणून सांताननं चिव्याच्या बांबूच्या जाड सुया तासल्या, काचेच्या तुकड्यानं घासल्या आणि खोबरेल तेल लावून गुळगुळीत केल्या. यशोदानं टाके घालून दिले. साधा सुलटा टाका, दुसरं काही नाही. एक लांब पट्टी विणायची, दुमडायची, दोन बाजू शिवायच्या आणि उरलेला भाग झाकणासारखा वर आणायचा.

इस्त्रीनं घट्टे पडलेल्या त्याच्या बोटांना सुरुवातीला टाका धरता येत नव्हता. निसटायचा, मग चार ओळी उसवायच्या. ऑक्टोबरच्या उष्म्यात मांडीवर लोकर घेऊन बसलं की पाय घामानं भिजायचे. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. वाडीत बोलणं झालं, की सिसिलियाचा नवरा एकटा राहून जरा बिघडला. फादरांनीही एकदा मिस्सेनंतर त्याचा हात धरून विचारलं, "सांतान, सगळं ठीक आहे ना?" तो म्हणाला, "ठीक आहे, फादर. पिशवी करतोय."

विणताना त्याला एक गोष्ट जाणवली. हात कामात असले की घर तेवढं मोठं वाटत नाही. काम थांबवून मान वर केली की ते पुन्हा होतं तेवढंच होई.

मापासाठी त्याला ट्रिशाला फोन करावा लागला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली.

"काय झाला पप्पा?"

"काय नाय. तुझ्या लॅपटॉपाचा माप व्हया."

"माप? कित्याक?"

"उगीच. लांबी, रुंदी आणि जाडी सांग."

"तू बरो आसस मां?"

"बरो आसय. तो कोपरो चेपलोहा, तो धरून सांग."

ती हसली. मोजपट्टी शोधायला गेली, तोवर तो फोन कानाला लावून थांबला. पलीकडून तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, कुणीतरी मैत्रीण काहीतरी विचारत होती, ट्रिशा तिला मराठीत सांगत होती, "अगं, माझे बाबा. काय करतायत देव जाणे." त्याला ते आवडलं. मोजपट्टी लवकर सापडू नये असं वाटलं.

त्या मापाची एक फळी त्यानं दत्ताराम सुताराकडून कापून घेतली. पट्टी मापाच्या दीडपट मोठी विणून झाली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. एका सकाळी त्यानं परसात चुलीवर हंडा चढवला. कढत पाण्यात साबण किसून टाकला, शिवलेली सैल पिशवी त्यात बुडवली आणि धुण्याच्या दगडावर मळायला घेतली. ओल्या लोकरीला मेंढरांचा वास सुटला. कुत्रा भुंकायला लागला. सांतान मळत होता, बुडवत होता, विहिरीच्या थंड पाण्यात खळबळून पुन्हा कढत पाण्यात घालत होता. हात लाल झाले. बराच वेळ काहीच घडलं नाही, आणि मग बोटांखाली टाके हरवायला लागले. त्याचे वेडेवाकडे, कुठं सैल कुठं ताणलेले टाके एकमेकांत मिसळून गेले. यशोदा कुंपणावरून बघत होती. "तुमच्या चुको दिसणत नाय आता," ती म्हणाली.

पण त्याला थांबायचं कळलं नाही. आयुष्यभर जे होऊ द्यायचं नव्हतं, ते पहिल्यांदाच मुद्दाम करत होता आणि त्यात रमला. लोकर रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते, हे त्याला ठाऊक नव्हतं. फळी घालून पाहिली, तर ती अर्धीच आत गेली. पिशवी ओढून पाहिली, ताणून पाहिली. लोकर हटली नाही. ती पिशवी तशीच दगडावर ठेवून तो आत गेला आणि दोन दिवस परसात फिरकला नाही. यशोदानं जेवण पाठवलं, ते झाकून तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं ट्रंक उतरवली आणि निळ्या लोकरीच्या लडी सोडल्या. या वेळी पट्टी आणखी लांब विणली. डिसेंबरात हात बसला होता, काम भरभर झालं. मळताना तो दर थोड्या वेळानं फळी घालून बघत होता. फळी आत जाऊन वर बोटभर जागा उरली, तेव्हा त्यानं सगळं थंड पाण्यात टाकलं आणि हात आवरले. फळीला प्लास्टिक गुंडाळून ती आत तशीच ठेवली आणि पिशवी पडवीत सुकायला टांगली. खाडीवरच्या दमट हवेत ती लवकर सुकेना. त्याच लोकरीचा जाड पट्टा विणून, आटवून त्यानं दोन्ही बाजूंना शिवला आणि झाकणाला करवंटीचं बटण लावलं.

ट्रिशा नाताळला आली. पहिल्या संध्याकाळी त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि उगाचच चहा करायला आत गेला. परत आला तेव्हा तिनं लॅपटॉप आत घातलेला होता. नेमका बसला होता.

"खंयसून घेतलंस?" तिनं विचारलं.

"केलंय."

"कोणी?"

"मिया."

तिला खरं वाटेना. मग त्यानं सुया दाखवल्या, आधीची फसलेली राखाडी पिशवी दाखवली. ट्रिशा ती हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत राहिली. टाके शोधत होती, सापडत नव्हते.

"ही मम्मीची लोकर मां? ट्रंकेतली?"

"व्हय." तो समोर बसला. "तुका म्हायत होता? तिका लोकर सोसायची नाय ता?"

ट्रिशानं पिशवी खाली ठेवली. "सगळ्यांक म्हायत होता, पप्पा."

"माका कोणी सांगूक नाय."

"तू दोन महिन्यासाठी यायचंस," ती हळू म्हणाली. "तू यायच्या आधी मम्मी माका सांगून ठेवायची, पप्पाक हां सांगू नको, तां सांगू नको. शाळेत मी नापास झालंय, ता पण तुका सांगूक नाय. तिचो आजार पण पयलो वर्षभर नाय सांगलो. दोन महिन्यांत कोण तुका वायट सांगतलो?"

ट्रिशा नापास झाली होती हे सांतानला आजच कळत होतं. आजाराचं वर्ष त्यानं मनात मोजून पाहिलं. त्या वर्षी तो घरी होता तेव्हा सिसिलिया त्याच्याबरोबर वालावलला तळ्यावर फिरायला आली होती, आणि दमली म्हणून वाटेत दोनदा बसली होती. ऊन फार आहे, असं म्हणाली होती.

चहा निवला. ट्रिशा उठून त्याच्या जवळच्या खुर्चीवर येऊन बसली. त्याच्या अंगावर हात टाकावा एवढी त्या दोघांना सवय नव्हती. ती नुसती बसली.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी खांद्याला लावून बाजारात गेली आणि परत आल्यावर बाही वर करून त्याच्यासमोर उभी राहिली. दंडावर पट्टा घासला होता तिथं लाल पुरळ उठला होता.

"पप्पा, माका पण सोसणा नाय," ती म्हणाली. "पट्टो बदलूक होयो."

त्यानं तिचा हात हातात घेऊन उजेडात पाहिला. मग यशोदाकडून खोबरेल आणि कापूर आणून लावला. सिसिलियाच्या सुती कापडांच्या गठ्ठ्यातून ट्रिशानं एक जाड विणलेला तुकडा निवडला, आणि दुपारभर दोघं पडवीत बसून पट्ट्याला आतून सुती अस्तर शिवत होती. मध्येच तिनं एवढंच सांगितलं, की नापास झाली ती गणितात, आणि तेव्हा मम्मीनं तिला मारलं नव्हतं, मम्मी स्वतःच रडली होती. तो सुई ओवत ऐकत राहिला.

नववर्षाच्या मिस्सेनंतर ती गेली. सांतान बसपर्यंत पोचवायला गेला. पिशवी तिच्या खांद्याला होती. बस सुटल्यावर तो तिठ्यावर थोडा वेळ उभा राहिला आणि मग चालत घरी आला. नाताळचा तारा अजून दारावर होता, तो त्यानं काढून ठेवला. दोन कपांपैकी एक धुऊन कपाटात ठेवला. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

पुढं काही फार बदललं नाही. ट्रिशाचा फोन रविवारीच येतो. जेवलंस का, गोळी घेतलंस का. सांतान अजून विणतो, पण कुणासाठी असं काही नाही. विणतो, आटवतो, नीट नाही झालं तर पुन्हा करतो. यशोदाच्या पडवीत बसून विणायला तिनं कितीदा बोलावलं, पण तो आपल्याच दारात बसतो. 

एकदा फेब्रुवारीत मात्र ट्रिशानं मधल्याच वारी, दुपारी फोन केला. जेवणाचं विचारलं नाही. कंपनीत माणसं कमी करतायत, तिच्या टीममधल्या दोघांना काढलं, आता आपली पाळी येईल असं वाटतं, असं ती म्हणाली. गेले चार दिवस तिला झोप नव्हती. धीर देणारे शब्द सांताननं कधी वापरलेच नव्हते. धीर द्यावा लागेल असं काही कुणी त्याला आजवर सांगितलंच नव्हतं.

"मी ऐकतंय, बाय," तो म्हणाला. "सांग."

ती बोलत राहिली. मध्ये रडली, मग थांबली, मग साहेबाबद्दल काहीतरी रागानं बोलली. शेवटी म्हणाली, "ठेवतंय, मीटिंग आसा," आणि फोन बंद झाला. सांतान फोन हातात धरून खुर्चीवर बसून राहिला. तिच्यासाठी करता येण्यासारखं काहीच त्याच्याजवळ नव्हतं. बाहेर मासेवाली हॉर्न वाजवत थांबली, दोनदा हाक मारली आणि पुढं गेली. तो उठला नाही.